बिशपांचा हुकूम आणि ताद्देओची काच

सातशे वर्षांमागे इटलीतल्या एका मठात ताद्देओ नावाचा ब्रदर काचा घासायचा. वीस वर्षं खपून त्याने एक फुगीर काच अशी साधली होती, की पोथीवर ठेवताच मुंगीएवढं अक्षर मुगाएवढं दिसे. नजर गेलेले म्हातारे ब्रदर पुन्हा पोथ्या उतरवू लागले होते.

ही वार्ता ऐकून बिशप गुआल्तेरोंचं पित्त खवळलं. देवाने दाखवलं त्याहून मोठं पाहायचं, म्हणजे देवाचीच चूक काढायची की. ते हुकूम घेऊन मठात थडकले. तिथली रीत अशी, की बिशपांनी स्वतः शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय हुकूम लागू होत नसे.

बिशपांनी कागद जवळ धरला, लांब धरला, पण अक्षर लागेना. एरवी लेखनिक मागून शब्द पुटपुटायचा आणि बिशप तेच मोठ्याने म्हणायचे, पण आज तो आजारी होता. ताद्देओने मुकाट्याने काच कागदावर ठेवली. बिशप खणखणीत वाचू लागले, "ही काच ताबडतोब फोडावी..."

ताद्देओने हातोडी उचलली.

"अरे थांब, खाली अजून चार ओळी आहेत."

"मग सांगा, महाराज," ताद्देओ नम्रपणे म्हणाला, "आधी हुकूम पाळू, की आधी तुम्हाला वाचू देऊ? दोन्ही काही जमायचं नाही."

सगळा मठ खाली मान घालून हसू दाबत होता. बिशप मात्र काचेकडेच बघत राहिले. कितीतरी वर्षांनी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काही वाचलं होतं.

त्यांनी कागदाची सुरळी केली, काच अलगद बाहीत सरकवली आणि हळूच विचारलं, "ब्रदर, डोळे दोन आहेत. दुसरी कधी होईल?"