राक्षस आणि आवडीचे पाच सागरगोटे

एकदा काय झालं, खाडीच्या काठी एक नगर होतं. तिथल्या होड्या खाडीच्या तोंडातून समुद्रावर जायच्या आणि मासळी घेऊन त्याच तोंडातून घरी यायच्या. दुसरी वाटच नव्हती, बरं का.

एके सकाळी होड्या गेल्या आणि मागून एक राक्षस आला. सातासमुद्रापलीकडून चालत आला होता. पाय दुखत असतील बिचाऱ्याचे. तो खाडीच्या तोंडातच मांडी घालून बसला. झालं, वाट बंद. होड्या बाहेर, घरं आत. आणि होडीवर प्यायचं पाणी ते केवढं? एकेक मडकं.

राक्षसाला फक्त इंग्रजी यायची. राजाच्या गुरुजींना ती भाषा येत होती. ते राक्षसाशी बोलून आले आणि राजाला म्हणाले, "महाराज, त्याला त्याच्या भाषेत गोष्ट हवी आहे. आपण रचलेली, कुठे न ऐकलेली. जसजशी वाक्यं नीट येतील, तसतसा तो उठत जाईल. पण वाक्य मोडलं की पुन्हा बसेल म्हणतो."

मग आधी गुरुजी गेले. त्यांनी इंग्रजीचे सगळे नियम ओळीनं म्हणून दाखवले, एकही चुकला नाही. राक्षस म्हणाला, "छान. आणि गोष्ट?" गुरुजींनी जन्मात गोष्ट रचली नव्हती. ते परत आले.

मग राजा गेला. त्यानं गुरुजींकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती. पहिलं म्हणाला, राक्षस जरासा उठला. दुसरं म्हणाला, आणखी उठला. तिसरं विसरला, म्हणून चौथ्याचा शेवट दुसऱ्याला जोडला. राक्षस धप्पकन बसला. राजाच्या मोजड्यांत पाणी गेलं.

आता ऐका. त्या नगरात आवडी नावाची एक मुलगी होती. तिचा बा बाहेरच्या होडीवर अडकला होता. आवडीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिला यायचे सागरगोटे. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत दुसरा उचलायचा. तिचा हात कधी चुकत नसे.

ती गुरुजींकडे गेली. "गुरुजी, मला ती भाषा शिकवा."

"पोरी, शिकता शिकता माझे केस पिकले."

"तेवढं पाणी नाही हो बाच्या मडक्यात. आपण खेळून शिकू."

तिनं पाच सागरगोटे रंगवले. हळदीचा पिवळा सांगायचा, कोण. कुंकवाचा लाल सांगायचा, काय केलं. निळीचा निळा, कुठे. कोळशाचा काळा, कधी. आणि चुन्याचा पांढरा सांगायचा, का. आपण बोलताना काम शेवटी सांगतो, पण त्या भाषेत पिवळ्यामागे लगेच लाल. सागरगोटा उचलला की त्याचं बोलायचं, वाक्य पुरं झालं की काडीनं ओल्या वाळूत लिहायचं. आणि पांढऱ्याचा नियम वेगळा, बरं का. ज्यानं "का" विचारलं, पांढरा त्याच्याकडे टाकायचा. मग उत्तर त्यानंच रचायचं.

गुरुजी कुरकुरत खाली बसले. त्यांच्या हातून सागरगोटे पडायचे. आवडीच्या वाक्यातून शब्द गळायचे. तिचं वाक्य अडलं की गुरुजी सावरून द्यायचे, गुरुजींची गोष्ट अडली की ती पुढे ढकलायची. मग वाळूत एक खेकडा लग्नाला निघाला. एक मडकं रुसून विहिरीत जाईना. भरती यायची, सगळं पुसून जायची. मग पुन्हा नवी गोष्ट. गुरुजी हसायला लागले. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

आवडीची आये मात्र चिडली. "बा तिकडं अडकलाय आणि तू सागरगोटे खेळत बसलीस?" शेजारणी म्हणाल्या, "खेळू दे गं, राक्षस कंटाळून तरी उठेल." आवडी वाळूत लिहीत राहिली.

मग एक दिवस बाच्या होडीवर डोलकाठीला उलटं मडकं टांगलेलं दिसलं. होडीवाल्यांत त्याचा अर्थ एकच. पाणी संपलं.

आवडीनं सागरगोटे ओच्यात घेतले. गुरुजींनी होडकं वल्हवलं. राक्षसासमोरच्या खडकावर ती बसली आणि पहिला सागरगोटा उडवला.

ती इंग्रजीत म्हणाली, "एक राक्षस फार दिवस चालला." राक्षस गुडघ्यांवर आला.

"रात्री त्याला एका खाडीकाठी दिवे दिसले." राक्षस अर्धा उठला. खालून पाणी वाहू लागलं.

"तो त्या दिव्यांजवळ बसला."

राक्षस वाकून, तसाच अवघडून उभा राहिला. त्यानं विचारलं, "व्हाय?"

आवडीच्या हातात पांढरा सागरगोटा होता. तिला उत्तर येत नव्हतं. बाहेर बाची होडी, वर उलटं मडकं. गुरुजींनी वल्हं घट्ट धरलं. काहीतरी ठोकून द्यावं, तर वाक्य मोडायचं आणि राक्षस बसायचा.

पण खेळ तो खेळ. "का" कुणी विचारलं? तिनं पांढरा सागरगोटा राक्षसाकडे टाकला आणि म्हणाली, "आता तुझा डाव."

राक्षसाच्या तळहातावर तो तिळाएवढा दिसत होता. त्यानं तो बोटानं गोल फिरवला. मग हळूच म्हणाला, "कारण त्या दिव्यांजवळ कुणीतरी गोष्ट सांगत होतं. आणि मला आजवर कुणी डावात घेतलं नव्हतं."

झाली की गोष्ट पुरी. एकही वाक्य मोडलं नाही. राक्षस उठला, पार ढगांपर्यंत उठला. पाणी धावलं, आणि होड्या भराभर आत आल्या. सगळ्यांत पुढे बाची.

बा घटाघटा पाणी प्याला. मग म्हणाला, "कुणी उठवलं रे त्याला?"

राजानं मान वळवली. गुरुजींनी नुसतं आवडीकडे बोट दाखवलं, आणि त्यांची मान ताठ झाली होती. आये पुढे आली आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी पोर. सागरगोटे खेळते ती."

मग राक्षस पलीकडच्या डोंगरावर राहायला गेला. संध्याकाळी नगरातली पोरं इंग्रजीत गोष्ट रचायची, आणि शेवटचं "का" तोच सांगायचा. पांढरा सागरगोटा त्यानं परत दिलाच नाही. होड्या जात राहिल्या, येत राहिल्या, सगळ्यांचं भलं झालं.

आणि "का नाही दिला?" असं विचारलंत, तर आज तो पांढरा तुमच्याकडे आला आहे असं समजा. ठेवा उशीखाली. उत्तर सकाळी सांगा. मिटा डोळे.