कुंडले, नथ आणि ठुशी

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता. त्याची राणी पद्मगंधा आणि कन्या मंजुघोषा. एका उन्हाळ्यात राजधानीचा तलाव आटला आणि तळाच्या चिखलात तांब्याचा हंडा दिसला. काठच्या वडावर म्हातारा धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, हे धन यक्षाचे आहे. याला हात लावू नकोस."

राजाने ऐकले नाही. हंड्यातली कुंडले त्याने आपल्या कानांत घातली, नथ राणीला दिली, ठुशी कन्येच्या गळ्यात बांधली.

सकाळी राजाला भूपाळी ऐकू आली नाही. राणीला देवघरातल्या चंदनाचा वास येईना. कन्येने आईला हाक मारायला तोंड उघडले, तर आवाज उमटेना. दागिने काढू गेले, तर ते अंगाशी जडलेले.

राणीचे आणि कन्येचे दुखणे साऱ्यांना कळले. राजाने मात्र आपले लपवले. बहिऱ्याला गादीवर कोण बसू देईल, ही त्याला धास्ती. दरबारात कोणी बोलले की तो ओठांकडे पाही आणि अंदाजाने मान हलवी. त्या मान हलवण्याने एका कुंभाराचे घर भलत्याला मिळाले आणि दोन गावांचे पाणी तुटले. पुढे कानात ठणका उठला, तेव्हा राजवैद्य गदाधरांना बोलावणे गेले. त्यांनी राजाला काहीतरी विचारले, राजाने नकाराची मान हलवली, आणि वैद्यांनी कानात कोमट तेल सोडले. राजा वेदनेने कळवळून उठला. वैद्याने विषप्रयोग केला असे त्याला वाटले. गदाधरांना बेड्या पडल्या आणि दसऱ्यानंतर कडेलोट, अशी आज्ञा झाली.

गदाधरांना कौमुदी नावाची मुलगी होती. विद्या तिने वडिलांकडूनच घेतली होती. ती राणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "राणीसाहेब, मला तिघांना तपासू द्या. बाबांचा न्याय त्यानंतर करा." राणीने परवानगी दिली.

कौमुदीने राणीला पूर्वेच्या खिडकीत बसवले. काशाच्या खोलगट आरशाने सूर्याचा कवडसा नाकात टाकला. आत सोललेल्या द्राक्षांसारखा घोस लोंबत होता आणि वाट अडवून बसला होता. मग तिने मंजुघोषेची जीभ मऊ फडक्याने धरली, बोटाएवढा आरसा दिव्यावर ऊन करून घेतला, म्हणजे श्वासाने तो धुरकटू नये, आणि घशात धरला. तळाशी आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. त्या सुजून जाड झाल्या होत्या आणि सोन्याच्या तंतूने एकमेकींशी शिवलेल्या होत्या. श्वासापुरती फट तेवढी उरली होती.

शेवटी राजा. कौमुदी त्याच्या पाठीमागे उभी राहून बोलली. तो वळला नाही. तिने काशाची कांब वाजवून कानाशी धरली. काही नाही. तीच कांब कानामागच्या हाडावर टेकवली, तसा राजा दचकला. इतक्या दिवसांत त्याला प्रथमच नाद कळला होता. त्याचे डोळे भरून आले. मग तिने कवडसा टाकला. कानात पू होता, पडद्याला छिद्र होते आणि वर यक्षाच्या शिक्क्यासारखी टणक खपली धरली होती.

तिने सेवकांना बाहेर पाठवले. राजासमोर बसून ती सावकाश बोलली, म्हणजे त्याला ओठांवरून उमगावे. "महाराज, ऐकणारा आत जागा आहे. वाट तेवढी बंद आहे. लाज बाळगण्यासारखे यात काही नाही."

दुखणी कळली, पण दागिने निघेपर्यंत ती बरी होणार नव्हती. धनेशाने तिला सांगितले की शाप फक्त यक्षच उतरवील, आणि वडाच्या मुळांखालची वाट दाखवली.

खाली यक्ष जमिनीला घट्ट धरून पडला होता. कौमुदीने नमस्कार करून तिघांची दुखणी सांगितली. यक्षाने डोळे न उघडता ऐकून घेतले.

"तीन दुखणी ओळखलीस," तो म्हणाला. "आता माझे ओळख. शाप उतरवायला मंत्र म्हणावा लागतो, आणि मान वळवली की सारे पाताळ गरगरते. निम्म्यावरच मंत्र तुटतो. हंडा उपसला त्या दिवसापासून हे असे आहे."

कौमुदीने त्याला बसवले, मान उजवीकडे वळवली आणि झटकन उताणे निजवले. यक्षाचे डोळे थरथरू लागले. ती म्हणाली, "यक्षराज, तोल सांभाळणारे बारीक खडे प्रत्येकाच्या कानात असतात. हंड्याच्या धक्क्याने तुमचे जागचे सुटले आहेत. ते घरी न्यावे लागतील. गरगरेल, पण मला सोडू नका."

तिने त्याचे डोके तसेच धरून ठेवले. थरथर थांबल्यावर ते सावकाश डावीकडे फिरवले आणि पुन्हा थांबली. मग त्याला कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे केले, आणि अखेर हळूच उठवून बसवले. यक्षाने डोळे उघडले. भिंती स्थिर होत्या. त्याने मान उजवीकडे वळवून पाहिली, डावीकडे वळवून पाहिली, आणि लहान मुलासारखा हसला.

"शाप उतरवतो," तो म्हणाला. "धन मात्र परत यावे. आणि आत जे वाढले आहे, ते तुलाच बरे करावे लागेल."

त्याने मंत्र अखंड म्हटला. राजवाड्यात कुंडले, नथ आणि ठुशी गळून पडली. राजकन्येच्या घशातला तंतूही विरला. कौमुदीने यक्षाचा निरोप सांगितला, तसे राजाने त्याच दिवशी दागिने हंड्यात घातले आणि तो आपल्या हातांनी तळ्यात नेऊन ठेवला.

मग कौमुदीने उपचार मांडले. राणीच्या नाकातला घोस रेशमी फासाने काढला आणि रोज कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितले. राजकन्येला मौन दिले. कुजबुजणेसुद्धा वर्ज्य, कारण त्याने सूज उतरत नाही. राजाच्या कानातली खपली तिने आकड्याने अलगद उचलली, कापसाच्या वातीने पू टिपला आणि गुग्गुळाची धुरी दिली. वाहत्या कानात पाण्याचा किंवा तेलाचा थेंब जाता कामा नये, असे बजावले.

दसऱ्याच्या आधी राजाला पारव्याचे घुमणे ऐकू आले. तो तसाच उठला आणि कारागृहात गेला. गदाधर उभे राहिले.

राजा म्हणाला, "वैद्यराज, त्या दिवशी तुम्ही मला काय विचारले होते?"

"कान वाहतो का, एवढेच विचारले होते, महाराज."

"वाहत होता," राजा म्हणाला. "मला प्रश्नच ऐकू आला नव्हता."

राजाने बेड्या काढवल्या, वाकून क्षमा मागितली आणि वैद्यराजांना आपल्या पालखीतून घरी पाठवले. मग दरबार भरवला. आपले बहिरेपण साऱ्यांसमोर सांगितले. कुंभाराला घर परत दिले, दोन गावांना पाणी दिले, आणि त्या काळातला प्रत्येक निवाडा पुन्हा ऐकायला घेतला. एक कान थोडा मंदच राहिला. त्या बाजूने कोणी बोलले, तर राजा म्हणे, "पुन्हा सांगा," आणि सांगणारा न भिता पुन्हा सांगे.

मंजुघोषेने मौन सोडले, तेव्हा राणी स्वयंपाकघरात दूध तापवत होती. ते करपल्याचा वास राणीला आला, आणि मागून हाक आली, "आई."

दूध तसेच उतू गेले. कोणी ते उतरवले नाही. त्या घराला जसे त्याचे सारे परत मिळाले, तसे ऐकणाऱ्यांनाही मिळो.