बहिणीचं अंगण

फार फार वर्षांमागे, जिथे पाऊस पाहुण्यासारखा वर्षातून एखाद्या वेळी डोकावतो अशा एका वाळवंटात, एक बाई एकटी राहत होती. नवरा वारलेला, लेक लग्न होऊन दूर गेलेली. चार शेळ्या होत्या. शेळ्यांच्या केसांच्या दोऱ्या वळून ती बाजारात विकायची आणि आपलं पोट भरायची.

लोकांना तिची कीव यायची. तिला मात्र स्वतःची कधी कीव आली नाही. घराच्या पश्चिमेला शमीचं एक जुनं झाड होतं. त्याच्याभोवती बोरी, बाभळी, नेपती आणि रुईची अशी गच्च झुडपं की शेळीसुद्धा वाट काढून जायची. सकाळी भाकरी हातात घेऊन ती दारात बसायची. नेपतीला लाल फुलं आली की तिला सण वाटायचा. झुडपांतून तितरं पिलांची रांग घेऊन निघाली की ती घास हातातच धरून बघत राहायची. आभाळाचा रंग पाहून, “आज वारा पडलाय, उद्या उठेल,” असं शेळ्यांना सांगायची. आणि तसंच व्हायचं.

एका वैशाखात तिचा धाकटा भाऊ भेटायला आला. तो नदीकाठचा. उसाच्या, केळीच्या गावात वाढलेला. बहिणीचं घर पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अक्का, या काट्याकुट्यांत कशी गं राहतेस?”

“छान राहते की,” बहीण हसून म्हणाली. “थोडे दिवस थांब, मग तुलाही दिसेल.”

दुसऱ्याच दिवशी तिला बाजाराला जावं लागलं. जाऊन येऊन चार दिवसांची वाट. “शेळ्यांना पाणी दाखव, बाकी काही करू नकोस,” असं सांगून ती गेली.

भावाला स्वस्थ बसवेना. बहिणीने जन्मभर काटेच पाहिले, तिला एकदा तरी सुख द्यावं असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने कुऱ्हाड काढली.

पाचव्या दिवशी सकाळी बहीण परतली आणि टेकाडावरच थांबली. आपण वाट चुकलो, असं तिला वाटलं. समोर घर होतं, पण ते तिचं नव्हतं. नुसत्या चार भिंती उघड्या वाळूत उभ्या. एकही झुडूप नाही. शमीच्या जागी गुडघाभर उंचीचं खोड. आणि त्या खोडावर, जिथे फांद्या असायच्या तिथल्या रिकाम्या हवेत, पाखरं घिरट्या घालत होती. त्यांना बसायला जागा सापडत नव्हती.

“ओळखलंस का घर?” भाऊ हसत सामोरा आला. त्याचे हात काट्यांनी फाटले होते. “बघ, कसं लख्ख केलंय! सरपणही दोन वर्षं पुरेल.”

ती टेकाड उतरून अंगणात आली. पायाखाली काहीतरी कुरकुरलं म्हणून तिने वाकून पाहिलं. झुडपांत घरटं करणाऱ्या होला पाखराची अंडी होती, फुटलेली. ती तिथेच वाळूत बसली.

“चालता हो,” हे शब्द तिच्या ओठांवर आले. मग तिला त्याचे हात दिसले आणि तिने शब्द गिळले. तेवढ्यात तिची नजर आभाळाकडे गेली. पश्चिमेची कड तांबडी झाली होती.

“शेळ्या आत घे,” ती ओरडली. “लवकर!”

दुपारी वारा उठला. भावाने असा वारा कधी पाहिला नव्हता. अख्खी टेकडी चालत यावी तशी वाळू आली. दार निखळून आत पडलं. छपराचं गवत उडून गेलं. वाळू घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत चढली. दोघं भिंतीला पाठ लावून, एकेक शेळी छातीशी धरून उभी राहिली. वारा थांबला तेव्हा ती दोघं भिंतीवरून चढून बाहेर आली. उरलेल्या दोन शेळ्या मात्र आतच गाडल्या गेल्या.

भावाने डोळ्यांतली वाळू पुसली. “अक्का, असा वारा दरवर्षी येतो?”

“दरवर्षी.”

“मग इतकी वर्षं घर टिकलं कसं?”

बहिणीने वाळूतून जेमतेम वर दिसणाऱ्या त्या खोडाकडे बोट केलं. “घर ते होतं, बाबा. ते तू तोडलंस. ही नुसती निजायची खोली होती.”

भाऊ तोंड झाकून हुंदके देऊ लागला. संध्याकाळी तो मान खाली घालून निघाला, तेव्हा तिने त्याला हाक मारली.

“कुठे निघालास? तोडायला चार दिवस लागले. लावायला मला एकटीला जन्म पुरणार नाही.”

तो राहिला. तोडलेल्या काट्यांचीच त्यांनी वाऱ्याला आडवी कुंपणं घातली. कुंपणाच्या आडोशाला बोरीच्या बिया पेरल्या. भाऊ कोसभरावरून खांद्यावर पाणी आणायचा. पहिलं वर्ष नुसतं वाळू उपसण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी चार सरी पडल्या आणि शमीच्या खोडाला बाजूने धुमारे फुटले. तिसऱ्या वर्षी होले आले. तितरं मात्र परत आली नाहीत. बहीण त्यांची वाट बघायची, पण भावाला तसं कधी बोलून दाखवायची नाही.

एका सकाळी शमीच्या कोवळ्या फांद्यांत एक वाळकी काटकी भावाला दिसली. त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“अक्का,” त्याने विचारलं, “ही काढू का?”

“राहू दे,” बहीण म्हणाली. “ये, इथे बस माझ्याजवळ. आज आभाळ बघण्यासारखं आहे.”

तात्पर्य: आपल्याला जे काटे दिसतात, ते दुसऱ्याचं छप्पर असू शकतं. म्हणून कुणाचं भलं करायला निघताना कुऱ्हाड उचलण्याआधी त्याला विचारावं.