रिकाम्या मातीची राखण

एका गावात एक घर होते आणि त्या घराच्या कुंपणापलीकडे मी राहत असे. या गोष्टीत माझा वाटा कुंपणावरून पाहण्याचा आणि शेवटी विचारल्यावर एक मत देण्याचा. त्याहून अधिक काही केल्याचा दावा मी करीत नाही.

त्या घराच्या परसात फणसाची सावली इतकी दाट होती की तेथे ना झेंडू टिकत असे, ना शेवंती. घरात दोन जावा होत्या. धाकटीने आपल्या माहेरच्या डोंगरातून भुईचाफ्याचे कंद आणले आणि फणसाखाली लावले. हे झाड आमच्या गावात कोणी पाहिलेले नव्हते. पावसाळ्यात त्याला लांबट पाने आली. वरून रुपेरी नक्षीची, खालून जांभळी. हिवाळा लागताच ती पिवळी पडली, आडवी झाली आणि मातीत मिसळून गेली. फूल एकही आले नव्हते.

"गेले तुझे झाड," थोरली म्हणाली.

"गेले नाही, जाऊबाई. निजले आहे."

"निजलेले माणूस घोरते तरी."

धाकटी हसली. तिला बाळंतपणासाठी माहेरी जायचे होते. निघताना ती म्हणाली, "तेवढी जागा सांभाळाल ना?"

"सांभाळीन. रोज कळशीभर पाणी घालीन."

"तेच करू नका. आता पाणी मिळाले, तर कंद कुजतो. खणू नका, कोणाला तुडवू देऊ नका. तुम्ही काहीच करायचे नाही."

"काहीच न करणे मला जमेल, असे वाटते तुला?"

"तुम्ही हो म्हणालात, तर जमेल."

थोरलीने कपाळाला हात लावला आणि ती म्हणाली, "बरे, हो."

थोरलीसारखी कामसू बाई मी दुसरी पाहिली नाही. संध्याकाळी ती साऱ्या परसाला पाणी घाली. फणसाखाली आली की सवयीने कळशी कलंडू लागे. मग ती थांबे आणि पुढे जाई. केरसुणी चुकून फिरू नये, म्हणून तिने त्या जागेभोवती फुटक्या कौलांचे कडे केले. आत पाहण्यासारखे काहीही नव्हते.

उन्हाळा सुरू झाला आणि एक पाथरवट बैलगाडीतून धुण्याचा दगड घेऊन दारात आला. असा मोठा, सपाट दगड थोरली कधीची मागत होती. घरातले सारे धुणे ती विहिरीपाशी भर उन्हात, एका ओबडधोबड धोंड्यावर धूत असे. तिचे हात पोळत आणि पाठ धरत असे.

सासरे म्हणाले, "सूनबाई, एकदाचा आला तुझा दगड. फणसाखालच्या रिकाम्या जागी बसवून घेऊ. परसात दुसरी सावली नाही."

थोरली दगडाकडे पाहत राहिली. तिने त्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "नको, मामंजी. तेथे धाकटीचे झाड आहे."

सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "कोठे आहे? मला तर माती दिसते."

"मलाही मातीच दिसते, सासूबाई."

"मग मातीची राखण करतेस?"

"मी हो म्हटले होते."

"उद्या पाठ मोडली, की तुझे 'हो' वाटून लेप लाव."

पाथरवट दगड घेऊन पुढच्या गावी गेला आणि त्याच दुपारी थोरली धुण्याची बादली उचलून उन्हात गेली. ती माती जिवंत आहे, असे तिला एक क्षणही वाटत नव्हते. म्हणूनच तिचे ते वागणे मला मोठे वाटते. ज्याला फुलाची खात्री आहे, तो वाट पाहतो, यात विशेष काय?

वैशाखात एका सकाळी थोरली झाडलोट करताना थबकली. कौलांच्या कड्यात कोणीतरी फूल टाकले होते. ते उचलण्यासाठी ती वाकली. फूल हाती येईना. देठ नाही, पान नाही, फांदी नाही. पांढऱ्या पाकळ्या आणि त्यांत एक जांभळी पाकळी, थेट भुईतून वर आलेली. वास असा की मला कुंपणापलीकडे कळला.

सासूबाईंनी पाट मागवला आणि त्या फुलापुढे बसल्या. "देवाला वाहू या का?" त्यांनी विचारले.

"देवाला येथूनच दिसेल," थोरली म्हणाली.

संध्याकाळी ते फूल मिटले. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरे उमलले. धाकटी बाळाला घेऊन परतली, तेव्हा बहर सरला होता आणि पानांच्या सुरळ्या वर येत होत्या.

"फुलले होते का, जाऊबाई?"

"फुलले. आपल्या सासूबाई पाट सोडीनात."

"तुम्हांला तर पटले नव्हते."

"नव्हतेच. पाणी न घालायला पटावे कशाला लागते? हात आवरावा लागतो."

मग सासूबाईंनीच धाकटीला दगडाची हकीकत सांगितली. "कंद काढते आणि कुंपणाशी लावते," ती म्हणाली. "दगड तेथेच बसू दे."

"कुंपणाशी ऊन आहे. करपेल ते," थोरली म्हणाली. "मुळीच काढायचे नाही."

दोघी हटेनात. तेव्हा सासऱ्यांनी कुंपणाकडे वळून विचारले, "बाई, तुमचे काय मत?"

मी म्हटले, "झाडाला स्वतःसाठी सावली करता येत नाही. माणसांना येते. दगड विहिरीपाशी बसवा आणि त्यावर मांडव घाला."

ही साधी गोष्ट आजवर कोणालाच सुचली नव्हती. कारण धुणे एकटी थोरलीच धूत असे.

असे ठरले, की पाथरवटाला पुन्हा बोलावावे आणि विहिरीपाशी झावळ्यांचा मांडव घरच्या दोन्ही मुलांनी, म्हणजे या जावांच्या नवऱ्यांनी, घालावा. सासरे लगेच 'ठीक' म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली. मुलांना विचारले नाही, त्यांना सांगितले. धाकटीने एक अट घातली: यापुढे निम्मे धुणे तिचे. थोरलीने बराच वेळ नाही-नाही केले आणि अखेरीस तीही कबूल झाली.

तात्पर्य: दुसऱ्याचा विश्वास जपण्यासाठी तो आपल्याला पटलेला असावाच लागतो, असे नाही, आपण दिलेला होकार पुरेसा असतो.