आभाळमाथ्याचा शब्द

एका राज्यात विहिरी होत्या, पण पाणी नव्हते. राजा अरिंजयाच्या पित्याने आभाळमाथा डोंगरावरचे अरण्य तेथील रहिवाशांना न विचारता तोडले. त्याच सायंकाळी वनदेवीच्या शापाने राजधानीतले पाणी भूमीत परत गेले.

मांत्रिक कालभुज म्हणाला, "महाराज, डोंगराच्या पोटात जलमणी आहे. तो आणला तर पाणी येईल. मात्र डोंगरवासीयांचा होकार हवा."

"मग होकार आण."

कालभुजाने प्रथम डोंगरवासीयांच्या मुखियाला सुवर्णकंकण देऊन होकार मिळविला. हाती येताच मण्याचा कोळसा झाला. मग सैन्य उभे करून मिळविला. मण्याचा विंचू झाला. तिसऱ्या खेपेस त्याने साऱ्या गावावर मोहिनी घातली. मण्याचा धूर झाला. प्रत्येक वेळी मणी पुन्हा डोंगराच्या पोटात जाऊन बसे.

झाडाच्या शेंड्यावरचा धनेश पक्षी खदखदा हसला. "मांत्रिका, होकार विकत घेतलास, दरडावून घेतलास, भुलवून घेतलास. विचारलेस केव्हा?"

हे कानी येताच राजा स्वतः पायी डोंगर चढला. डोंगरवासीयांतल्या वृद्ध सोमारीने त्याला गावाच्या सभेत बसविले. "बस, राजा. सर्वांचे बोलणे होईतो आमच्यात चूल पेटत नाही. भूक लागली तर पोट आवळून धर."

मध काढणारे बोलले, गुराखी बोलले. नव्या सुनेने सासूचे म्हणणे खोडून काढले. सासूने ते मान डोलावून ऐकले. दिवस कलला. अखेर सोमारी उठली.

"मणी मिळणार नाही. त्याच्यावर आमचे झरे जगतात."

"नगरात लेकरे तहानलेली आहेत, आई."

"मग झऱ्याचे पाणी ने. तहानलेल्याला आम्ही अडवीत नाही. डोंगर मात्र देणार नाही."

राजामागे उभा असलेला कालभुज कुजबुजला, "महाराज, आज्ञा करा. सेना पायथ्याशी आहे."

राजाने सभेकडे पाहिले. एकही मान खाली नव्हती.

"सेना माघारी ने," तो म्हणाला. "सभेचा शब्द मला मान्य आहे."

त्याच क्षणी वनदेवीचा शाप सुटला, राजधानीतल्या विहिरी काठोकाठ भरल्या, आणि कालभुजाला आपला एकही मंत्र आठवेना.

पुढे त्या राज्यात डोंगराकडे जाणारा प्रत्येक जण विचारावयास जाई. डोंगरवासी कधी हो म्हणत, कधी नाही. आणि दोन्ही शब्द राजमुद्रेखाली सारख्याच मानाने कोरले जात.