उकळलेल्या आतड्याची लाट

“आणि मेलेलं? मेलेलं टांगलं होतंस का?”

गव्हाणकर बाईंनी हे विचारलं तेव्हा तन्वीर मुलाणी त्यांच्या लॅबमध्ये शर्टाच्या बाह्या नीट करत होता. खाली विद्यापीठाच्या सभागृहात लोक जमले होते. त्याला फक्त जिना उतरून आपला शोध सांगायचा होता.

“कशाला, मॅडम? जिवंत एवढं स्पष्ट बोलतंय.”

बाईंनी नळीकडे पाहिलं.

समोर काचेच्या नळीत मिठाचं कोमट पाणी होतं. त्यात कोंबडीच्या आतड्याचा बोटभर तुकडा, सकाळी चिकनच्या दुकानातून थर्मासमध्ये आणलेला. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. वर दोरा, आणि दोऱ्याला किती ओढ बसते ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. कोंबडी मेली, तिचा मेंदू कचऱ्यात गेला, तरी हे आतडं आपलं आपण आवळतं आणि सुटतं. स्क्रीनवर लाट उठते, बसते.

या पाण्यात तन्वीर ताकातल्या जंतूंपासून काढलेलं एक द्रावण सोडायचा. लाट दुप्पट व्हायची.

हाच तो शोध.

तन्वीरचे अब्बा एसटी चालवायचे. कंपवातानं हात थरथरायला लागले आणि त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं. त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्यांचं पोट अडून बसायचं. एकाही डॉक्टरनं पोटाचं विचारलं नाही. पोरानं विचारलं. आतडं जागं केलं की मेंदूही सावरेल, असं त्यानं ठरवलं. ठरवून थांबला असता तर ठीक होतं. अब्बांना सांगूनही टाकलं.

आणि आज अब्बा खाली पहिल्या रांगेत बसले होते. विभागप्रमुख निंबाळे सरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. फोटोत थरथरता हात नीट यावा म्हणून कडेची खुर्ची दिली होती. थोर माणसांना असलं बरोबर सुचतं.

“मी काय विचारलं, तन्वीर?”

“नाही टांगलं.”

बाईंच्या लॅबमध्ये एक रीत होती. कुठलाही निकाल दाराबाहेर नेण्याआधी तसाच तुकडा उकळून मारायचा, त्याच नळीत टांगायचा, तेच द्रावण घालायचं. मेलेल्यानं सरळ रेघ मारली, तरच जिवंताचं ऐकायचं. मुलं पाठीमागे याला बाईंचं तेरावं म्हणायची.

“मॅडम, ही रीत पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी आहे. मी इथं किती वर्षं घासतोय. मला माझं आतडं कळतं.”

“हो?”

“हो.”

बाई उठल्या. चिमट्यानं तो तुकडा नळीतून काढला, दोऱ्यासकट, आणि चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत सोडला.

बटण दाबलं.

“मॅडम! तो मरेल!”

“मरू दे.”

किटली आधी गुणगुणली, मग खदखदली. तन्वीर भिंतीला टेकून उभा राहिला. कोंबडीच्या आतड्यासाठी कुणाचा चेहरा इतका पडलेला कुणी कधी पाहिला नसेल.

बाईंनी तुकडा काढला. पांढरा, आखडलेला, रबरासारखा. धुतला. नळीत पाणी बदललं. तुकडा पुन्हा टांगला.

स्क्रीनवर सरळ रेघ.

“बघा,” तन्वीर म्हणाला. “मेलं. झालं समाधान?”

“द्रावण घाल.”

त्यानं घातलं. मुद्दाम भरपूर घातलं.

रेघ थोडा वेळ सरळ गेली. मग हलली. मग…

लाट उठली. बसली. पुन्हा उठली. पहिल्यापेक्षा देखणी.

तन्वीरनं नळीला नाक लावलं. ताकाच्या द्रावणानं बुडबुड्यांचा फेस झाला होता. फेस दोऱ्यावर चढत होता, दोरा ओढत होता, फुटत होता, सोडत होता.

“फेस,” तो म्हणाला.

“हं.”

“एवढे महिने मी फेस मोजत होतो?”

“थोडं आतडंही असेल त्यात. किती, ते तुला माहीत नाही. मलाही नाही.”

तो गर्रकन वळला. “तुम्हाला शंका होती ना? आधीपासून?”

“…होती.”

“मग बोलला का नाहीत?”

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

“मलाही ते खरं व्हायला हवं होतं.”

चाळीस वर्षं शिकवणाऱ्या बाईचं हे उत्तर. तन्वीरच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यानं गिळली. ती देण्यात काही वावगं झालं नसतं.

दार ढकलून निंबाळे सर आत आले. कोटाच्या खिशाला फूल. “अरे मुलाणी, मंडळी खोळंबलीत! काय झालं? चेहरा का असा?”

तन्वीरनं सांगितलं.

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “बरं, एक कर. हे आजच्यापुरतं राहू दे. जुनी लाट दाखव, छान बोल, खाली ये. फेसाचं नंतर बघू आपण. एवढे लोक बोलावलेत, बॅनर लागलाय. तुझे वडील आलेत, त्यांचा तरी विचार कर!”

“त्यांचाच करतोय.”

“गव्हाणकर बाई, तुम्ही सांगा याला.”

बाई नळी धूत राहिल्या.

“सांगा ना!”

“त्याचं बोलणं आहे. तो बोलेल.”

तन्वीरनं दोन्ही लाटा पेनड्राइव्हवर घेतल्या. बाह्या वर केल्या आणि जिना उतरला.

सभागृहात बॅनरवर लिहिलं होतं, ‘पोटातून मेंदूकडे : नवी पहाट’. हे निंबाळे सरांचं काव्य. समोर विभागातले सगळे जुने दगड ओळीनं बसलेले, शाली पांघरून.

तन्वीरनं नमस्कार केला नाही. पडद्यावर दोन लाटा लावल्या.

“यातली एक जिवंत आतड्याची आहे, एक मेलेल्याची. ओळखा.”

हशा झाला. निवृत्त केळशीकर सर उठले. विभागाच्या दर्शनी भिंतीवर यांचा फोटो आहे, हार घालायला सोयीचा. त्यांनी काठी उगारून उजवीकडची लाट दाखवली.

“ही! अरे, काय चैतन्य आहे हिच्यात! जीव असल्याशिवाय अशी लय येते का? आमच्या वेळी नुसती रेघ पाहून सांगायचो आम्ही.”

टाळ्या पडल्या.

“ती किटलीत उकळलेल्या आतड्याची आहे, सर,” तन्वीर म्हणाला. “आत्ताच वर उकळलं. ते फेसानं हललं.”

टाळ्या अर्धवट थांबल्या. केळशीकर सर उभेच राहिले. बसायला मदत करायला कुणी पुढं आलं नाही.

“म्हणजे माझा शोध सिद्ध झालेला नाही,” तन्वीर म्हणाला. “मी मेलेलं न तपासता घरी जाऊन वडिलांना औषध सापडलं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. आता फेस होणार नाही असं द्रावण करायचं आणि पहिल्यापासून मोजायचं. एवढंच सांगायचं होतं.”

निंबाळे सर माइककडे धावले. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

लोक कुजबुजत चहाकडे गेले. वडे गरम होते, त्यामुळे फार वेळ कुणाला दुःख झालं नाही.

अब्बा कडेच्या खुर्चीत तसेच बसले होते. तन्वीर त्यांच्यासमोर उकिडवा बसला. वर बघेना.

“अब्बा…”

“गाडीचा ब्रेक लागत नसला तर शिटा भरायच्या नसत्यात,” अब्बा म्हणाले. “बरं केलंस, सगळ्यास्नी उतरवलंस.”

मग ते मागं येऊन उभ्या राहिलेल्या बाईंकडे वळले. हात थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला नाही.

“बाई, एक इचारू? डॉक्टर म्हणतो हुईल बरं. हकीम म्हणतो हुईल. ह्यो पोरगा म्हणत होता. ते फूलवालं सायब तर मगाशी म्हणालं, झालंच म्हणून समजा. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही सांगा. मी बरा हुईन का?”

तन्वीरनं मान वर केली. बाईंनी आता तरी काहीतरी गोड बोलावं, असं त्याला वाटलं. एवढं एकदाच.

बाईंनी खुर्ची ओढली. अब्बांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आम्हाला उद्या लॅबमध्ये लवकर यायचंय.”