राम राम न घेणारा पाहुणा

"मास्तर, आता तरी सही करू?"

इंद्रजितने पुन्हा विचारलं. केरबा मास्तर चित्रापुढे उभे राहून पान चघळत होते. उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती.

कोल्हापुरातल्या त्या माडीवर मास्तरांनी जन्मभर माणसांचे चेहरे रंगवले. तिथला रिवाज साधा होता. चित्र पुरं झालं तरी शिष्याने सही करायची नाही. मास्तर कानामागचा बारीक ब्रश काढून हातात देतील, तेव्हाच करायची. इंद्रजितला तो ब्रश अजून एकदाही मिळाला नव्हता. उद्या प्रदर्शन होतं, आणि बिनसहीचं चित्र तिथे घेत नव्हते.

पण आज गडी निर्धास्त होता. चित्र त्याचं स्वतःचंच होतं. मोबाइलमधल्या ढीगभर सेल्फींतला सगळ्यांत देखणा निवडून त्याने तो हुबेहूब उतरवला होता.

"हात बसलाय तुझा," मास्तर म्हणाले. "गालावरचा उजेड तर झकास."

इंद्रजितच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मग ब्रश?"

"दम धर की. आधी पाव्हण्याला राम राम करू दे."

मास्तरांची ही जुनी खोड. पुरं झालेल्या प्रत्येक चित्राला ते राम राम करायचे आणि उत्तराची वाट बघत थांबायचे. शिष्यमंडळी पाठीमागे हसायची. इंद्रजित सगळ्यांत जास्त.

मास्तरांनी हात जोडले. "राम राम, पाव्हणं."

...

ते डावीकडे सरकले, पुन्हा हात जोडले. मग उजवीकडे. मग गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकून पाहिलं.

"न्हाई घेत."

"काय?"

"राम राम घेत न्हाई ह्यो. कुठनं बी बघा, ह्याचं ध्यान दुसरीकडंच. आणि खांदा का रं वर उचललाय ह्यानं?"

इंद्रजित चिडला. "फोटोत होतं तसंच आहे, मास्तर. तसूभर फरक नाही. फोनवर हजारो लोकांनी वा वा केलीय ह्या चेहऱ्याची."

"मग तूच बघ. ये, हितं हुबा ऱ्हा."

तो नाइलाजाने मास्तरांच्या जागी येऊन उभा राहिला. आणि त्याला दिसलं. वर आलेला खांदा फोन धरणाऱ्या हाताचा होता. हात तेवढा चौकटीबाहेर राहिला होता. डोळेही समोर नव्हते. ते जरासे खाली, फोनच्या काचेवर लागले होते. स्वतःवरच.

त्याला मनापासून लाज वाटली. दुसऱ्या कुणाच्या चित्रात ही चूक त्याने कधीच केली नसती.

"पुन्हा करतो," तो म्हणाला. "आरसा द्या."

"आरसा नगं."

"मग फोन..."

"त्यो बी नगं." मास्तरांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले. "माझ्याकडं बघ."

"पण मला माझे डोळे रंगवायचेत. तुमचे नाही!"

"व्हय की. मी कुठं माझं म्हणतोय? बघ."

इंद्रजितने ब्रश उचलला. आधी रागानेच पाहिलं. मग मास्तरांच्या उजव्या डोळ्यात उतरलेला मोतीबिंदू त्याला दिसला. हा माणूस रोज समोर असायचा, आणि हे कधी नजरेला पडलं नव्हतं. एवढ्या अंधूक नजरेने ते त्याचा रंग न् रंग तपासत होते. त्याला भरून आलं. हात चालत राहिला. आपण कसे दिसतोय, हे त्या दुपारी त्याच्या ध्यानातच आलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा चित्रातला खांदाही खाली आला होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

मास्तर उठले, चित्रापुढे गेले, हात जोडले. "राम राम, पाव्हणं."

"राम राम, मास्तर." इंद्रजितच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी कानामागचा बारीक ब्रश काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

इंद्रजितने तो रंगात बुडवला... आणि थांबला. चित्रातला माणूस आता फोनमधल्याइतका देखणा राहिला नव्हता.

"मास्तर, लोक ओळखायचे नाहीत. हा कोण, म्हणून विचारतील. काय सांगू?"

मास्तर पान थुंकायला खिडकीशी गेले होते. तिथूनच म्हणाले,

"केरबाकडं बघत हुता म्हणून सांग."